सोळावं रीळ

राजानं मुकुट काढून महालाच्या पायरीवर ठेवला, मागं न बघता तो मोठ्या दरवाजातून बाहेर गेला, आणि सिनेमा संपला नाही. मी उठलेसुद्धा होते. मांडीवरची तांदळाची परात खाली ठेवून, पदरानं डोळे पुसून टीव्हीच्या बटणापर्यंत हात नेला होता, कारण हा सिनेमा इथं संपतो हे मला अठरा वर्षांपासून माहीत होतं. दरवाजा, धूळ, राजाची पाठ, समाप्त. पण राजाची पाठ चालतच राहिली. दरवाजाच्या पलीकडं एक रस्ता निघाला, तो मी कधी पाहिलेला नव्हता. रस्त्यात एक पिंपळ, पिंपळाखाली म्हातारा दिवाण हात जोडून उभा, आणि तो तोंड उघडून बोलायला लागला. अगं बाई, म्हटलं, हा कुठून कडमडला इथं? राजा थांबला. थांबायला नको होता. मी परत खाली बसले.

रविवार होता, भाद्रपदाच्या तोंडावरची दुपार. जालन्याला मस्तगडावरच्या आमच्या दोन खोल्यांत मी एकटी होते. मुलगी औरंगाबादला हॉस्टेलवर. तातेराव सकाळी सातलाच सायकल काढून एमआयडीसीत गेलेला. तो सळयांच्या मिलमध्ये आहे, रविवारी त्यांची अर्धी पाळी असते, एकला सुटतो. नवऱ्याला नावानं आणि तेही एकेरी, म्हणून कुणाला खटकलं तर खटको. दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो, त्याची गणितं मीच सोडवून दिलीत, तोही मला नुसतं सत्यशीला म्हणतो. चारचौघांत मी 'अहो' आणि 'हे' म्हणते, शाळेतल्या बायकांना तेवढंच पचतं. तर सकाळी पेपर उघडला तेव्हा आतली पुरवणी नव्हती. डब्याला गुंडाळून नेली असेल, तेल सांडतं म्हणून, असं वाटलं. त्या पुरवणीत टीव्हीवर काय काय लागणार ते छापलेलं असतं. मला ते कळायचं कारण नव्हतं. मी तांदूळ निवडता निवडता चॅनेल फिरवत बसले, आणि साडेदहाला तो सिनेमा सापडला. रस्त्यात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. सगळी कामं टाकून बघत बसले.

आयुष्यात तो मी शेवटपर्यंत एकदाच पाहिला होता. चौऱ्याऐंशी साली, जाफराबादला, बाजारतळावर तंबूची टॉकीज लागली होती तेव्हा. मी डीएड होऊन नुकतीच शाळेवर लागले होते. तातेराव जालन्याला कॉलेजात होता, यष्टीनं जाऊन येऊन करायचा. त्याचं गाव जाफराबादच्या अलीकडं, रस्त्यावरच. काकासाहेब पाटलांचा थोरला मुलगा. मी भीमनगरातली, आजोबांनी छप्पननंतर दीक्षा घेऊन घरातले देव नदीत सोडलेले. आमचं काय चाललंय हे गावाला कळायला महिना लागला नसता, आणि तातेराव रोज एकच लावून धरायचा, लग्न कर. मी एकदा स्पष्ट सांगितलं त्याला. म्हटलं, "तू दोन वर्सं राहशील माझ्यासोबत. मंग एखाद्या पोळ्याला तुझा बाप डोळ्यांत पाणी आणील, की तू चाललास परत. मी कुठं जाऊ?" तो भांडला नाही, शपथा घेतल्या नाहीत. नुसता म्हणाला, "मंगळवारी टॉकीजला ये. सिनेमा बघ. मंग सांग काय ते." मी विचारलं, तू पाह्यला का? "न्हाई, मी बी पहिल्यांदाच बघनार." हे त्याचं वाक्य मला बराबर आठवतं. सायकलच्या घंटीवर अंगठा ठेवून बोलला होता.

धाकट्या बहिणीला, बेबीनंदाला, सोबत घेऊन मी गेले. तंबूत एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला माणसं, मधे तरटाचा पडदा. खाली वाळू. वाळूत कुणाच्या तरी शेंगांची टरफलं, लेकरांची मुतं, आणि समोर ते हिरेमाणकांचं सिंहासन. राजाचं एका अत्तर विकणाऱ्याच्या मुलीवर मन बसतं. रोज संध्याकाळी तो साध्या कपड्यात घोड्यावर तिच्या गल्लीत येतो. घोड्याला सुद्धा तिचं दार पाठ होतं. राजमाता चिडते, सरदार रुसतात, शेजारच्या राजाची मुलगी केली तरच राज्य वाचतं असं सगळे म्हणतात. राजा तीन तास वाळून वाळून जातो, आणि शेवटी मुकुट काढून पायरीवर ठेवतो नि निघून जातो. तंबूत शिट्ट्या झाल्या. बायांनी नाकं ओढली. मग पडद्यावर 'समाप्त' आलं, आणि त्या अक्षरांच्या मागं एक डांबरी सडक होती नि सडकेवर दोन मोटारगाड्या उभ्या. मला आजही दिसतात त्या गाड्या, एक काळी, एक पिवळट. राजाच्या सिनेमात मोटारी कुठून आल्या असं मनात आलंही. पण तंबूची टॉकीज, तिच्याकडून हिशेबाची काय अपेक्षा करायची, म्हणून सोडून दिलं. बाहेर पाण्याच्या टाकीजवळ तातेराव उभा होता. "बघितलं ना?" म्हणाला. मी म्हटलं, बघितलं. "मंग?" मी बेबीनंदाचा हात धरलेला होता, तिचा घाम माझ्या हाताला लागत होता. "मंग काय, येते," म्हटलं. झालं आमचं ठरणं.

टीव्हीवर दिवाण अजून बोलत होता. सीमेवर शत्रू आलाय म्हणत होता, राजमातेनं अन्न सोडलंय म्हणत होता. राजा पिंपळाच्या बुंध्याला हात लावून ऐकत होता. त्याच्या तोंडावर जे आलं ते मी ओळखते. असं तोंड माझ्या घरात दरवर्षी एक दिवस असतं. पोळ्याच्या दिवशी तातेराव घरात राहत नाही, पाळी नसली तरी मिलवर जातो, नाहीतर गच्चीवर जाऊन उभा राहतो. खाली रस्त्यानं कुणाची सजवलेली बैलजोडी घुंगरं वाजवत गेली, की तो कठड्यावर वाकतो.  त्यांच्या गावात वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी पाटलांची जाते, आणि कासरा थोरल्या मुलानं धरायचा असतो. त्यानं घर सोडलं तेव्हापासून त्याच्या म्हाताऱ्या बापानं तो कासरा दुसऱ्याच्या हातात दिला नाही. अठरा पोळे स्वतः धरला. धाकटा भाऊ कारभारी वर्षभर बैलांना वैरण टाकतो, त्यांचं शेण काढतो, पण तोरणाच्या दिवशी मागून चालतो.

आता म्हातारा अंथरुणाला लागला होता. गेल्या रविवारी कारभारी आमच्या दारात आला, अठरा वर्षांत पहिल्यांदा. सासूबाई गेल्या, सोनूबाई, तेव्हासुद्धा आम्हाला दहाव्यानंतर कळवलं होतं. कारभारीनं पाणी घेतलं, चहा नको म्हणाला, मग बेसुमार गोड चहा प्याला. वडलांना हे दोघं भाऊ दादाच म्हणतात. जमिनीकडं बघत बोलला, "दादा रोज तुझं नाव घेऊन राह्यले. पोळ्याला तू कासरा धर म्हन्त्यात. न्हाई तं भावकी मान घेऊन जाईल, मंग परत मिळत न्हाई. पुढच्या रविवारी न्यायला येतो दोनला. पोळ्यापत्तर राहा. मंग तिथंच राहायचं का काय, तुमचं तुम्ही ठरवा." तातेरावानं विचारलं, "अन् ही?" कारभारीनं कप बशीत फिरवला. "बैलं घरी आल्यावर पाय धुऊन ओवाळायला लागतं. ते आमची सगुणा करंल. वहिनीचं मंग बघू." सगुणा म्हणजे त्याची बायको. मी त्याच्या समोरच बसले होते. वहिनी म्हणाला हेही अठरा वर्षांत पहिल्यांदाच. मी बैलाला ओवाळणारही नव्हते. माझ्या बापानं मला ते शिकवलं नाही आणि मला शिकायचं नाही. पण न विचारता बाजूला ठेवलं की माणसाला नको असलेलं सुद्धा आपलंच होतं असं वाटायला लागतं. आठवडाभर तातेराव त्यावर एक शब्द बोलला नव्हता, आणि मीही विचारलं नव्हतं. आज तो दोनचा रविवार होता.

राजा परत फिरला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याच दरवाजातून आत आला, मुकुट पायरीवर तसाच होता. त्यानं तो उचलून बाहीनं धूळ पुसली. मेल्या, असं मी मोठ्यानं म्हटलं. मग शेजारच्या राजकन्येशी लग्नाची गडबड सुरू झाली, सनई, तोरणं, राजमाता जेवली. मला एकदम आमच्या शाळेतल्या मालनबाई आठवल्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी स्टाफरूममध्ये त्या म्हणाल्या होत्या, शेवटी तो तिला सोडतो हो, किती रडले मी. मी हसले होते. बाई, तुम्ही झोपलात टॉकीजमध्ये, म्हटलं, मी स्वतः बघितलाय. पैज लावली असती मी. दुसऱ्या एक-दोघींनीही मालनबाईंची बाजू घेतली, तर मला वाटलं, मिळून थट्टा करतायत. मी मुलांना पंचवीस वर्षं सांगत आले तर नवल नाही, की ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा. अठरा म्हणायला हवं, पंचवीस नाही. डोकं ठिकाणावर नव्हतं.

आणि मला हसू आलं नाही, राग आला नाही, भीती वाटली. सरळ सांगते, भीतीच. कारण मला एक काटा आहे, तो मी कधी कुणाला दाखवला नाही. तातेरावानं घर सोडलं ते त्या सिनेमाच्या भरात, असं मला पहिल्यापासून वाटतं. बावीस वर्षांचा पोरगा, तंबूतून डोकं तापवून बाहेर आला, राजानं केलं ते मी करतो म्हणाला, आणि नंतर शब्दाला अडकला. तापलेल्या सळईपुढं उभं राहून राहून त्याचे हात काळे झाले, भुवया दोनदा जळाल्या, कॉलेज सुटलं ते सुटलंच. त्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही, पण पोळ्याच्या दिवशी गच्चीवर उभा राहिलेला बघितला की मला वाटायचं, भर उतरतोय. आता हा सिनेमा असा निघाला. तंबूवाल्याकडचं शेवटचं रीळ कुठं जळालं असेल, फाटलं असेल, त्यानं दुसऱ्या कुठल्या सिनेमाचं 'समाप्त' आणून डकवलं असेल. म्हणून त्या मोटारी. एका फाटक्या रिळावर माझा संसार उभा आहे, ते रीळ त्या दिवशी पेटीत असतं तर तातेराव टाकीजवळ थांबला नसता, शेवटची जीप पकडून गावाला गेला असता. आणि आज दोन वाजता त्याचा भाऊ येणार. घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. टीव्ही बंद करावा, त्याला हे दिसू देऊ नये, असं मनात आलं. मी उठले नाही.

सायकल लागल्याचा आवाज आला. तातेराव आत आला, डबा ओट्यावर ठेवला, आणि टीव्हीकडं बघून दारातच थांबला. अंगाला लोखंडाचा वास, कपाळावर टॉवेलचा पट्टा उमटलेला. मला वाटलं विचारील, अजून संपला नाही का हा? पण त्यानं माठातून पाणी घेतलं, उभ्यानंच प्याला. पडद्यावर राजाची वरात निघाली होती. हत्ती, भालदार, राजा घोड्यावर, बाजूच्या पालखीत नवी राणी. वरात एका गल्लीत वळली. तातेराव तांब्या खाली ठेवत म्हणाला, "आता घोडा अडंल बघ."

आणि घोडा अडला. अत्तरवालीच्या दारासमोर, रोजच्या सवयीनं. राजा खाली बघत नाही. सगळी वरात थांबलेली, सनईवाल्याचा सूर चुकलेला. दार बंद. राजानं टाच मारली, घोडा हलेना. पुन्हा मारली. मग घोडा निघाला, आणि पडद्यावर 'समाप्त' आलं, मागं बंद दार. मोटारी नव्हत्या.

मी तातेरावाकडं बघत होते. तो माझ्याकडं बघत नव्हता, मोजे काढत होता. "तू कवा पाह्यलास हे?" मी विचारलं. माझा आवाज मलाच वर्गातला वाटला. "जालन्याला," तो म्हणाला. "तुला न्यायच्या आधी. दोनदा." मी म्हटलं, "मला म्हन्लास पहिल्यांदाच बघनार म्हणून." "म्हन्लो होतो." त्यानं मोजे झटकले. "जालन्याला पाह्यला तवा लई भ्या वाटलं. म्हटलं, सत्यशीलानं हे पाह्यलं तं बोलनंच खुटलं. मंग बद्रीनाथ भेटला यष्टीत, टॉकीजचा आपरेटर, आपल्याच वर्गातला तो, मागच्या बाकावरचा. तो म्हने, जाफराबादला पेटीत पंधराच रिळं आलीत, सोळावं खराब झालं, पन लोक खूश हायेत. म्हटलं, वा! मंग मंगळवार ठरविला."

"म्हणजे अर्धा सिनेमा दाखवून लग्न केलंस माझ्याशी."

"अर्धा काहून? सोळातले पंधरा दाखविले की."

मला संताप आला. खरंच आला, कानापर्यंत. एकोणनव्वदला हा सिनेमा जालन्यात परत लागला, तेव्हा तिकिटं मिळाली नाहीत म्हणून हा माणूस भजी घेऊन घरी आला होता. त्र्याण्णवला शनिवारी टीव्हीवर लागला, राजा पायरीवर आला आणि घरातले दिवे गेले, हा बराच वेळ फ्यूजच्या डब्यापाशी उभा. मी मेणबत्ती धरली होती! "पुरवणी पन तूच नेलीस आज," मी म्हटलं. "नेली. पन मंग मिलवर वाटलं, बघू दे आता. म्हातारे झालो." त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडलेल्या पोराचं हसू होतं, आणि मी त्याला एक धपाटा घालणार होते, घातलाही असता. पण हात वर जायच्या आधी काहीतरी सावकाश माझ्या आत सरकलं. राजा परत जातो हे त्याला माहीत होतं. दोनदा पाहिलं होतं त्यानं, घोडा कुठं अडतो ते पाठ होतं. माझ्यासारखा तो त्या मोटारींवर विश्वास ठेवून बाहेर आला नव्हता. भरबिर काही नव्हता. टाकीजवळ उभा राहून त्यानं मला विचारलं, बघितलं ना, तेव्हा शेवट काय आहे ते एकट्या त्यालाच माहीत होतं, आणि तो तरी निघाला होता. अठरा वर्षं मी नको त्या ठिकाणी काटा शोधत बसले. मी परात उचलली नि तांदूळ निवडायला लागले, कारण हातांना दुसरं काही सुचेना. तांदूळ आधीच निवडलेले होते.

दोनला पाच कमी असताना खाली मोटरसायकल वाजली. कारभारी वर आला, डोक्याला रुमाल, नवे बूट. "चल रे," म्हणाला, "दादा सकाळपासून उठून बसायचं म्हनून राह्यले. जल्दी कर." तातेराव धुतलेला सदरा घालत होता.  माहीत असून एकदा निघालेला माणूस माहीत असून परतही जाऊ शकतो, हे मला बिलकुल कळत होतं. त्यानं वरचं बटण लावलं, ते तुटलेलं होतं हे त्याच्या लक्षात नाही.

"बैलं तू धर, कारभारी," तो म्हणाला.

"आँ?"

"अठरा वर्सं वैरन तू टाकली. तुला वळखत्यात ते. मी धरलं तं वेशीतच अडतील." कारभारी त्याच्याकडं बघत राहिला. त्याचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. इतकी वर्षं मागून चाललेल्या माणसाचा चेहरा होता तो, एवढंच. "पन दादा..." तो म्हणाला. "दादांना मी सांगतो. भेटायला येनारच हाये. तू हो पुढं." कारभारीनं खिडकीतून गाडीकडं हात केला, "हो पुढं म्हंजी? बस ना मागं." तातेरावानं दाराआडची माझी चप्पल पायानं पुढं सरकवली. "गाडीवर एकच जागा हाये. आम्ही यष्टीनं येतो."

कारभारीनं माझ्याकडं बघितलं. मी परात धरून उभी होते. वहिनीचं मंग बघू, हे तो या वेळी म्हणाला नाही. "बरं," म्हणाला, "सगुणाला सांगतो चहा टाकायला," आणि जिन्यावरून खाली गेला. बूट नवे होते, प्रत्येक पायरीला वाजत गेले.

अडीचची जाफराबाद गाडी भरलेली होती. आम्हाला जागा मिळाली ती वेगवेगळी, मी पुढं एका म्हातारीशेजारी, तो दोन बाकं मागं. भोकरदनला म्हातारी उतरली तेव्हा तो पुढं येऊन बसला. रस्त्याच्या कडेला कुणीतरी ओढ्यात बैल धूत होतं, शिंगांना रंग लावायचा राहिला होता. तो त्या बैलांकडं मान वळवून पाहत राहिला, दिसेनासे होईपर्यंत. मीही पाहू दिलं. मग मी विचारलं, "अन् तुझ्या बापानं मला दारातून आत घेतलं न्हाई तर?"

तातेरावानं वरच्या खिशातून तिकिटं काढून पाहिली, परत ठेवली.

"सातला परतीची गाडी हाये," तो म्हणाला. "बद्रीनाथचा पोरगा हाये तिच्यावर कंडक्टर. दोन जागा धरून ठेव म्हन्लो त्याला."